दिव्याखालचा डबा

गेमिंग कॉम्प्युटर या वस्तूविषयी आमच्या चंद्रपुरात दोन पक्ष आहेत. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे, की ही वस्तू घरात आली की पोरगा हातातून गेला. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की आणायचीच तर तिच्या पोटात निळे-जांभळे दिवे लुकलुकले पाहिजेत. दिवे नाहीत तो गेमिंग कॉम्प्युटर कसला? पहिला पक्ष बापांचा, दुसरा पोरांचा. दोघांमध्ये एरवी विस्तव जात नाही, पण एका मुद्द्यावर त्यांचे संपूर्ण एकमत आहे. त्या डब्याच्या आत नक्की काय आहे, हे बघायची दोघांनाही गरज वाटत नाही. माझे भांडण या एकमताशी आहे. मी सहसा कुणाशी भांडत नाही. (आमच्या सौभाग्यवतींचे याबाबतीतले मत मी जमेस धरलेले नाही.) पण या खेपेला भांडायला सबळ कारण आहे.

कारण असे. माझी धाकटी बहीण गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात दिलेली आहे. तिचा मुलगा चंद्रपूरला शिकायला असतो आणि आमच्याकडेच राहतो. यंदा त्याला पहिलावहिला कॉम्प्युटर घ्यायचे ठरले. पैसे पंचावन्न हजार. त्यातले काही धानाच्या चुकाऱ्यातले, आणि बाकीचे माझ्या बहिणीने तीन उन्हाळे तेंदूपत्ता तोडून बाजूला ठेवलेले.

तेंदूपत्ता म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायला हवे. मे महिन्यात झुंजूमुंजू व्हायच्या आत रानात शिरायचे, वाकून वाकून पाने खुडायची, ऊन चढायच्या आत घरी परतायचे, मग ओसरीत बसून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. रानात आपण एकटेच नसतो. २०२५ च्या मे महिन्यात आमच्या सिंदेवाही तालुक्यात पाने तोडायला गेलेल्या तीन बायांना वाघाने एकाच दिवशी मारले. असले पैसे घेऊन मी बाजारात जातो, तेव्हा माझा हिशेब रुपयांत होत नाही, पुड्यांत होतो. ‘फक्त दोन हजारांत चार दिव्यांचे पंखे’ असे कुणी म्हणाले, की मला पंखे दिसत नाहीत. ओसरीत बसलेली बहीण दिसते. तेव्हा मी जरा चिडून लिहिले, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आता पहिल्या पक्षाकडे वळतो. या पक्षाचे आमच्या घरातले पुढारी म्हणजे आमचे जावईबापू. माणूस सरळ. त्यांनी मला सरळच विचारले, “भाऊ, पंचावन हजारात त बैलजोडी येते न जी. बैल नांगर त ओढते. हा डब्बा का ओढते?”

या प्रश्नाला मध्यमवर्गीय घरात एक ठरलेले उत्तर असते: “अभ्यासासाठी आहे.” वस्तू अभ्यासासाठी आहे म्हटले की आपल्या मनाला फार बरे वाटते. खुर्ची अभ्यासाची, दिवा अभ्यासाचा, मोबाइल अभ्यासाचा, आणि आता कॉम्प्युटर अभ्यासाचा. क्रिकेटची बॅट मात्र आपण भूमितीसाठी आणली असे म्हणत नाही. बॅट खेळायला असते हे चार लोकांत कबूल करायला आपल्याला लाज वाटत नाही. मग कॉम्प्युटर खेळायला आहे हे सांगताना आवाज का खाली जातो?

मी जावईबापूंना खोटे सांगितले नाही. म्हणालो, “पोरगा ह्याच्यावर खेळणार आहे.” ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “खरं बोलले, हे बरं केलं.”

खरे बोलण्यात नीतिमत्तेपेक्षा व्यवहार अधिक आहे. तुम्ही दुकानात जाऊन ‘अभ्यासासाठी पाहिजे’ म्हणालात, की दुकानदार तुमच्याकडे एकदा मायेने बघतो आणि आत जाऊन दोन-तीन वर्षे न खपलेला माल घेऊन येतो. त्याची रॅम इतकी तुटपुंजी, की एका वेळी एकच गोष्ट तिच्या लक्षात राहावी. तो चालू करून चहा टाकावा, चहा होऊन, पिऊन, कपबशी विसळून झाली की पडदा उजळतो. सहा महिन्यांत पोरगा त्यावर खेळायचा प्रयत्न करतो, यंत्र दम टाकते, आणि बाप दुसऱ्यांदा पैसे मोजतो. एक खोटे वाक्य आणि दोन कॉम्प्युटर! उलट, जे यंत्र खेळ नीट खेळते ते प्रोग्रॅम लिहिते, नकाशे काढते, चित्रफिती कापते-जोडते, आणि वेळ आलीच तर अभ्याससुद्धा करते. शंकरपटाचा बैल नांगराला जुंपायचा म्हटले तर जुंपता येतो. नांगराचा बैल पटात धावत नाही.

“पण पोरे वाया जातात त्याचे काय?” असे हा पक्ष विचारतो. जातात की! पण वाया जायला पंचावन्न हजारांची गरज नसते, पत्त्यांचा एक कॅट पुरतो. आणि खरा धोका कुठे आहे हे सरकारलासुद्धा कळले आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने जो कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. २०२३ साली हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कॉम्प्युटरवरच्या खेळांना पदके होती, तीही खरीखुरी, गळ्यात घालायची. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० साली ‘राजी’ नावाचा खेळ काढला. त्यात आपल्याकडची एक मुलगी राक्षसांनी पळवलेल्या भावाला सोडवायला निघते. असला खेळ बनवणारी पोरे कधीतरी खेळत बसली असतील आणि त्यांच्याही घरात कुणीतरी बैलजोडीचा विषय काढला असेल, असा माझा अंदाज आहे.

असो. पहिला पक्ष निदान पैसे वाचवतो. दुसरा पक्ष अधिक घातक, कारण तो पैसे खर्च करतो.

या पक्षाची ओळख मला नागपूरला, सीताबर्डीवरच्या एका दुकानात झाली. दुकानात पाऊल टाकले आणि क्षणभर वाटले, की आपण चुकून कुणाच्या वरातीत शिरलो. काचेच्या पेट्या, पेटीत पंखे, पंख्यात दिवे, दिव्यांचे रंग पळतायत. भाचा दारातच थिजला. प्रत्येक वस्तूच्या आधी ‘गेमिंग’ हे उपपद. गेमिंग खुर्ची, गेमिंग उंदीर, उंदराखालचे गेमिंग फडके. पूर्वी नावाआधी ‘राजमान्य राजश्री’ लावले की कागदाला वजन यायचे, तसे हल्ली ‘गेमिंग’ लावले की किमतीला येते.

दुकानदार तरुण आणि उत्साही होता. “काका, तुम्ही टेन्शनच नका घेऊ. हा पीस पाहा. सहा पंखे, सहाही आरजीबी. रिमोट येते सोबत. पोट्टा खूश होऊन जाईन.”

“यात पॉवर सप्लाय कोणता आहे?” मी विचारले.

“एसएमपीएस? तो त येतेच न काका कॅबिनेटसोबत. फ्री आहे.”

वाचकहो, या ‘फ्री’ शब्दापाशी जरा थांबा, कारण माझे सगळे भांडण याच शब्दाशी आहे.

कॉम्प्युटरच्या पेटीला दुकानात कॅबिनेट म्हणतात. तिच्या तळाशी, मागच्या कोपऱ्यात, एक काळा डबा असतो. तो भिंतीतली २३० व्होल्टची विजेची लाट घेतो आणि तिची १२ व्होल्टची शांत, सरळ, डीसी वीज करून वरच्या सगळ्या मंडळींना पुरवतो. प्रोसेसर हुशार, ग्राफिक कार्ड देखणे, रॅम चपळ. पण सगळे जेवतात या डब्याच्या हातचे. आणि ज्याच्या हातचे सगळे घर जेवते त्याला आपण जी किंमत देतो, तीच इथेही दिली जाते. तो फुकट येतो असे आपण समजतो.

फुकटच्या डब्यावर भल्या मोठ्या अक्षरांत ४५० वॅट छापलेले असते. छापायला काय जाते? आमच्या गल्लीत एकाने घरावर ‘शांतिनिवास’ छापले आहे. मी चष्मा पुसून डब्याच्या कुशीवरचे बारीक कोष्टक वाचले. त्यात १२ व्होल्टच्या पुढे १६ अँपिअर होते. शाळेतले गणित आठवा: व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॅट. १२ गुणिले १६ म्हणजे १९२. कॉम्प्युटरची खरी भूक १२ व्होल्टवर भागते. तेव्हा साडेचारशेचे निमंत्रण छापून पाने मांडली दोनशेसुद्धा नाहीत. चांगल्या डब्यावर १२ व्होल्टपुढे ३५-३६ अँपिअर सापडतात, म्हणजे सव्वाचारशे वॅटच्या आसपास, आणि त्यामागे काही वर्षांची हमी असते. त्यावर ‘८० प्लस’ असाही एक शिक्का असतो. त्याचा अर्थ एवढाच, की भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी निदान ८० टक्के ती पुढे पोचवते आणि उरलेलीच उष्णता म्हणून उधळते. आपल्याकडच्या कुठल्याही योजनेवर असा शिक्का मारायचा म्हटले तर किती योजना उरतील, याचा विचार मी करत नाही.

आमच्या ओळखीत एकाकडे असाच फुकटचा डबा होता. मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि तिसऱ्यांदा आली ती जरा जास्तच आली. आतून ‘फट्’ असा आवाज आला. डबा गेला, आणि जाताना मदरबोर्डलाही सोबत घेऊन गेला. दिवे मात्र शेवटच्या क्षणापर्यंत फार सुंदर दिसत होते, असे त्या घरचा मुलगा अजून सांगतो.

हे सगळे मी दुकानदाराला ऐकवले. तो म्हणाला, “काका, तुम्ही टीचर आहे का?”

दिव्यांचा मोह पोरांना पडतो यात नवल नाही. पण हे सगळे सल्ले, ही सगळी ‘सर्वोत्तम यादी’ जिथे तयार होते तिथली खोली थंड असते, हे पोरांना कुणी सांगत नाही. आमचे चंद्रपूर हे मे महिन्यात ४७-४८ अंशांपर्यंत जाणारे गाव. २०१९ च्या मे अखेरीस जगातल्या सर्वांत तापलेल्या शहरांत आमचे नाव आले, तेव्हा काही लोकांना अभिमानही वाटला. कॉम्प्युटरचा पंखा हा पंखाच असतो, बर्फ नव्हे. खोलीतली हवा तो प्रोसेसरवर फेकतो. प्रोसेसरला त्या हवेपेक्षा थंड तो कधीच करू शकत नाही. समजा, खेळताना प्रोसेसर खोलीपेक्षा ४५ अंशांनी वर चढतो. पुण्यात खोली २५ असेल तर तो ७० वर सुखाने बसतो. आमच्या पत्र्याखालच्या खोलीत ४२ असतील तर तो ८७ वर पोचतो. आणि ९५ च्या आसपास बरेचसे प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतात, म्हणजे दुपारी दोन ते चार मान टाकतात. यात मला तरी काही गैर वाटत नाही. त्या वेळी चंद्रपुरात सगळेच तसे करतात. पण ज्या वेगाचे पैसे तुम्ही मोजले, तो वेग मेमध्ये तुमच्या वाट्याला येत नाही.

तेव्हा पुढचा खर्च कशावर? समोर भरपूर जाळी असलेल्या पेटीवर. समोरून काच लावलेली पेटी म्हणजे काचेचा बंद टांगा: दिसायला शोभिवंत आणि आत घोड्याला श्वास नाही. जाळीच्या आत, काढून धुता येईल असे बारीक गाळणे हवे, कारण आमच्याकडची धूळ नुसती धूळ नाही. तीत कोळसा आहे, राख आहे, सिमेंट आहे. तीत अख्खा औद्योगिक विकास आहे. आणखी एक. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोलीत खुशाल लावा, पण त्याच्या तोंडासमोर कॉम्प्युटर मांडू नका. ‘त्यालाही गार वाटू द्या’ या भावनेने आमच्या सौभाग्यवती ते करणारच होत्या. गार हवेबरोबर पाण्याचे तुषारही येतात, आणि विजेच्या यंत्राला अभिषेक चालत नाही.

मग यूपीएस. त्याच्या खोक्यावर ६०० लिहिलेले असते आणि आपण खूश होतो. पण ते ६०० व्हीए असतात, वॅट नव्हेत. वॅट बहुधा ३६० च्या घरात भरतात. पगाराचा एकूण आकडा आणि हातात पडणारा आकडा यांत जो फरक असतो, तोच इथे. या ३६० वॅटवर तासन्‌तास खेळता येत नाही, पण वीज गेल्यावर खेळ जपून ठेवून यंत्र सभ्यपणे बंद करता येते, आणि तेवढ्यासाठीच तो असतो. धानोऱ्याकडे पावसाळ्यात तारेवर एक फांदी पडली की रात्र अंधारात जाते. सुट्टीत पोरगा कॉम्प्युटर तिकडे नेणार असेल, तर यूपीएस हा काही चैनीचा भाग नाही.

इथपर्यंत ऐकून भाच्याने तोंड उघडले. त्याचा प्रश्न रास्त होता, म्हणून तो जसाच्या तसा देतो. “मामाजी, सारा पैसा डब्ब्यात, जाळीत न यूपीएसात घातला, त ग्राफिक कार्डाले का उरन? कार्ड नसन त पोट्टे हासतेत.”

हासतेत, हे खरे. पण हिशेब ऐका. काही प्रोसेसरांच्या पोटातच चित्रे काढण्याची सोय असते. एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा २०२१ साली आलेला त्यातला एक. निराळे कार्ड नसताना त्याच्यावर व्हॅलोरंट चालतो, माइनक्राफ्ट चालतो, चित्राची टापटीप थोडी उतरवली तर जीटीए फाइव्हही चालतो. गेल्या वर्षी-दोन वर्षांत आलेले अवाढव्य खेळ त्याच्यावर चालत नाहीत. चालतात असे कुणी सांगितले तर तो काहीतरी विकतो आहे असे समजावे. पण पहिल्या वर्षी खेळायला जे आहे ते एका जन्माला पुरेल. इंटेलचा प्रोसेसर घेणार असाल तर नावाच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर आहे का बघा. एफ असेल तर त्याला ही पोटातली सोय नसते. निराळे कार्ड लावेपर्यंत पडदा काळाच. एका अक्षराने असा घात होतो. आमच्या लहानपणी मार्कलिस्टावर व्हायचा, आता खोक्यावर होतो.

पोटातली चित्रे काढायची तर रॅमची एकच मोठी पट्टी घेऊ नका, दोन सारख्या घ्या. १६ ची एक घेण्यापेक्षा ८ च्या दोन. दोन दारांनी पंगत लवकर वाढली जाते, एवढेच त्यामागचे शास्त्र. रॅमच्या भावाविषयी मात्र मी काही बोलत नाही, कारण हे छापून येईपर्यंत तो बदललेला असेल. २०२५ च्या अखेरीस जगभर कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रचंड गोदामे उभी राहू लागली, रॅम बनवणारे कारखाने त्यांच्या चाकरीला लागले आणि आपल्याकडचे भाव भडकले. अमेरिकेत कुठल्याशा यंत्राला कविता करता यावी म्हणून धानोऱ्याच्या पोराची रॅम महागते. माझा कवितेवर पूर्वीपासूनच थोडा राग होता.

“जुनं कार्ड घेऊ का, मामाजी? स्वस्तात भेटून राहिलं.” हा त्याचा दुसरा डाव. इथे जरा इतिहास सांगावा लागतो. काही वर्षांपूर्वी जगात लोक ग्राफिक कार्डांना रात्रंदिवस जुंपून आकड्यांचे चलन खणत होते. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथेरियम या चलनाने ती पद्धत सोडली आणि ही दमलेली कार्डे ढिगांनी बाजारात आली. आम्ही कोळशाच्या जिल्ह्यातली माणसे. खाणीतून निवृत्त झालेल्याची छाती आधी तपासावी लागते, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. सगळीच जुनी कार्डे वाईट असतात असे नाही. पण समोर तासभर चालवून बघता येत नसेल, तर तेंदूपत्त्याचे पैसे त्यात घालायचे नाहीत.

तर आमचा निकाल असा लागला. आधी चांगला पॉवर सप्लाय, आज लागतो त्याच्यापेक्षा थोडा मोठा. मग यूपीएस आणि जाळीची पेटी. मग पोटात चित्रे असलेला प्रोसेसर, त्याला साजेसा साधा मदरबोर्ड, रॅमच्या दोन पट्ट्या आणि एसएसडी. मग डोळ्यांना त्रास होणार नाही असा पडदा. ग्राफिक कार्डाची जागा रिकामी. दिवे शून्य. शेवटच्या बिलावर सरकारचे १८ टक्के धरून तीनशे वीस रुपये उरले. ते सीताबर्डीवर पोह्यांत आणि तर्रीत गेले, आणि त्यातला एकही पैसा वाया गेला नाही.

पोरगा हिरमुसला होता. परतीच्या गाडीत खिडकीशी खोके मांडीवर घेऊन बसला होता. मी त्याची समजूत काढली नाही. वरोरा गेले, भद्रावती गेली, अंधार पडला, आणि चंद्रपूर जवळ आल्यावर ऊर्जानगरच्या धुराड्यांवरचे लाल दिवे दिसायला लागले. तेव्हा माझ्या लक्षात आले, की या मुलाला उदाहरण द्यायला आपल्याला लांब जायची गरज नाही. आपण उदाहरणातच राहतो.

या महाऔष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. आज त्याची क्षमता २९२० मेगावॅट आहे. इथल्या खाणींतला कोळसा, इरई धरणाचे पाणी, आणि वर आमची हवा. १९९९ पासून चंद्रपूरहून थेट ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत एक वाहिनी जाते. साडेसातशे किलोमीटर लांब, १५०० मेगावॅटची, आणि गंमत अशी, की तीतून जाणारी वीज डीसी असते. म्हणजे आम्ही नेमके तेच करतो जे तो काळा डबा करतो. कोपऱ्यात बसतो, तापतो, घुमतो, धूळ खातो, आणि वरच्या मंडळींना सरळ वीज पुरवतो. महाराष्ट्राच्या कॅबिनेटमध्ये (कुठल्या, ते वाचकांनी ठरवावे) आमची जागा तळाशी, मागच्या बाजूला. शेजारचा गडचिरोली जिल्हा म्हणजे पंखा. तीन चतुर्थांश जिल्हा जंगल. गार हवा सोडत राहायची आणि आवाज करायचा नाही. आणि फोटो निघतो तो कुणाचा? मरीन ड्राइव्हचा, रात्रीचा, दिव्यांचा. तो हार फार देखणा दिसतो, यात वाद नाही. त्या हाराची वीज कुठल्या डब्यातून आली हे विचारले, तर उत्तर मिळते, “ती त येतेच न काका. फ्री आहे.”

ती फ्री नसते. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी घराबाहेर पडून बघा. धुण्याच्या दोरीवरच्या पांढऱ्या सदऱ्यावर बोट फिरवून बघा. म्हणून मी दोन्ही पक्षांना बजावतो. बापांनो, पोरगा खेळणार आहे हे मोकळेपणी सांगा आणि पैसे देताना आत काय घातले ते बघा. पोरांनो, जे चमकते त्याला शेवटचा रुपया द्या आणि जे तापते त्याला पहिला. पहिल्या कॉम्प्युटरच्या वेळी ही सवय लागली, तर पुढे घर बांधताना, मत देताना आणि एखाद्या जिल्ह्याचा विकास करतानाही उपयोगी पडेल.

यंत्र भाच्याने स्वतः जोडले. चार तास लागले, एक स्क्रू उरला आणि तो मी जपून ठेवला आहे. जावईबापू बघायला आले. त्यांनी पेटीभोवती एक चक्कर मारली, मागून हात लावून पाहिला, बैलाचा बघतात तसा, आणि म्हणाले, “हे रिकामी जागा कायची आहे जी?”

“ग्राफिक कार्डाची,” मी म्हणालो. “पुढच्या वर्षी पैसे जमले की लावू. डब्यात त्याच्यापुरते वॅट आत्तापासूनच राखून ठेवले आहेत.”

वीज पुरवणाऱ्याच्या नावाने वरच्यांनीही असेच काही राखून ठेवले आहे का, हे मी अधूनमधून वर्तमानपत्रात शोधत असतो. स्क्रू मात्र माझ्याकडे आहे.